घेते तो चोखंदळ

मोठ्या बाबांनी समोर आलेली पहिली वस्तू कधी घेतली नाही. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. अकोल्याच्या बाजारात वांगी घ्यायची तर अख्खा ढीग उलटा करायचे. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "भाऊ, वांगे घेऊन राहिले का सून पाहून राहिले?" ते तेवढ्याच गंभीरपणे म्हणाले, "सून एकदाच पाहा लागते बाई. वांगे रोज खा लागतात."

लोक त्यांना तोंडावर चोखंदळ म्हणत आणि पाठीमागे खोट काढणारा. त्यांचा स्वतःचा निवाडा वेगळा होता. "पाह्यते, पारखते अन् घेते, तो चोखंदळ. सारं हाताळून रिकाम्या हातानं जाते, तो नुसता चिवडणारा." ते स्वतः शेवटी घ्यायचे, हे खरं.

ज्वारी कापण्याआधी ते जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन शेतात शिरत आणि बियाण्यासाठी निवडलेल्या कणसांना एकेक बांधत. कापणाऱ्या बायांनी ती कणसं वेगळी ठेवायची. सगळ्यात मोठं कणीस ते घेत नसत. दाणा टच्च भरलेला आणि खालपासून वरपर्यंत सारखा हवा. आमची ज्वारी गावात उजवी होती, तेवढं मान्य करते.

पण हाच माणूस माझं लग्न ठरवायला बसला. वडील त्यांच्यापुढे बोलत नसत. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी घरात वाढतच राहिले. बरोबरीच्या मुली लेकरं कडेवर घेऊन माहेरी यायला लागल्या. मुलगा पाहायला आला की चहानंतर मोठे बाबा त्याला शेतात न्यायचे, हातात चिंधी द्यायचे आणि म्हणायचे, "बांध पाहू." परतवाड्याचा एक मास्तर आला होता. मला तो आवडला होता, हसून बोलायचा. त्याने सगळ्यात मोठ्या कणसाला चिंधी बांधली. "मोठं पाह्यलं, भरलेलं नाई पाह्यलं," म्हणून तोही गेला.

मग हिवरखेडचा आला. चिंधी घेऊन तो शेतभर फिरला. कणीस हातात धरी, सोडून देई. मी पाण्याचा तांब्या घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी. ऊन उतरलं तेव्हा चिंधी तशीच हातात घेऊन परत आला आणि म्हणाला, "अजून पाहा लागन." मोठे बाबा खूष. "हा खरा चोखंदळ."

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "यानं तर काहीच नाई घेतलं. तुमच्याच बोलीनं हा चिवडणारा."

मोठे बाबा हसले. आई म्हणाली, "आता तुह्ये नखरे पुरे." त्यांनी इतके नाकारले तो चोखंदळपणा आणि मी एकाला नाही म्हटलं तो नखरा. लग्न झालं.

नवरा वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही. पण त्याच्याच्यानं काही ठरत नसे. बैलबाजारातून मोकळा परत यायचा. पहिली मुलगी चालायला लागली तरी नाव ठरलं नव्हतं. सगळे तिला बाईच म्हणत. पेरणी आली की बियाणं शेजाऱ्याकडून.

एकदा कापणीच्या तोंडावर मोठे बाबा भेटायला आले. नवरा शेतात उभा होता, हातात चिंध्या, एकही बांधलेली नाही. त्यांनी ते पाहिलं. मग त्याच्या हातातून चिंध्या घेऊन शेतात शिरले. पुढे दरवर्षी कापणीआधी एसटीनं यायचे, चिंध्या बांधायचे, जेवून परत जायचे. चुकलं, एवढं मात्र कधी म्हणाले नाहीत. त्याचा राग मला अजून आहे.

ते गेले त्या वर्षी लुगडं मी फाडलं आणि शेतात मी शिरले. नवरा धुऱ्यावरून म्हणाला, "थांब, ते नको. बाजूचं पाहू."

हातात होतं त्यालाच मी चिंधी बांधली.