पिवळ्या बाणांची वाट

चावीवाल्याची बायको हसत सांगायची, "हे कुठल्याही कुलपाला बोलतं करतील, पण घरात यांच्याच तोंडाला कुलूप!"

तीस वर्षं एकाच टपरीत बसून त्याने चाव्या घासल्या. गेल्या वर्षापासून मात्र त्याला बाजूचं दिसेनासं झालं होतं. कोपर लागून कप पडायचे, दाराची चौकट खांद्यावर आदळायची. याच वयात त्याच्या वडिलांची दृष्टी गेली होती. म्हणून भीतीने तो डॉक्टरकडे फिरकला नाही, आणि घरी त्याने चकार शब्द काढला नाही.

डोंगरापलीकडच्या देवळापर्यंत चार दिवस पायी जायचं, ही बायकोची जुनी इच्छा. या वेळी तो लगेच "चला" म्हणाला. पुढच्या वर्षी वाट दिसेल याची त्याला खात्री नव्हती. ती हरखली. परगावी नर्स असलेली मुलगी रजा काढून आली.

वाटेच्या कडेला दगडांवर यात्रेकरूंसाठी पिवळे बाण रंगवलेले होते. तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस लागला, तरी पुढे चालायचा हट्ट त्याचाच. माना खाली घालून दोघी त्याच्या मागे चालल्या. अर्ध्या तासाने ओढा आडवा आला.

"या, उथळ आहे," तो म्हणाला.

बायकोचा पाय निसटला. कमरेएवढ्या पाण्याने तिला दहा पावलं ओढत नेलं. एका मुळाला धरून ती कशीबशी थांबली. मुलीने तिला बाहेर ओढलं. त्याने मदतीला हात पुढे केला होता, पण भलतीकडेच.

परत फिरून ते मागे टाकलेल्या फाट्यावर आले. उजवीकडे, हाताच्या अंतरावर, पिवळा बाण होता.

"बाबा, हा दिसला नाही?"

"कुठला?"

मुलीने त्याच्या कानाशेजारी बोटं धरली. "किती आहेत?"

बघायला त्याने मान वळवली.

"कधीपासून?" ओलीचिंब बायको थरथरत होती.

"वर्ष झालं."

"आणि पुढे चालत होतात? आमच्या जिवाशी खेळत?"



दुसऱ्या दिवशी बायको पुढे चालली. "दगड", "पाणी", "उतार" याखेरीज दिवसभर एक शब्द बोलली नाही. देवळात पोचल्यावर तिने डोळे मिटले. काय मागावं हे त्याला सुचेना.

परतताच मुलीने त्याला दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उरलेलं थेंबांनी टिकवू.

थेंब बायकोच घालते, सकाळ-संध्याकाळ. पहिला आठवडा ती न बोलताच घालत होती. मग एका सकाळी तो आपणहून म्हणाला, "वडिलांना हात धरून मीच न्यायचो. रस्त्यात मला लाज वाटायची गं त्यांची."

तिचा हात क्षणभर थांबला.

"मान वर करा," ती म्हणाली. "दुसरा डोळा राहिलाय."