अळणी पाव

बेकरीवाल्या काकांचा वजनकाट्यावर कधीच विश्वास नव्हता. कणीक फुगली की नाही ते वासावरून ओळखायचे, आणि मीठ बरोबर पडलंय का ते चिमूटभर कणीक जिभेवर ठेवून ठरवायचे. काटा नवशिक्यांनी वापरावा, असं त्यांचं साधं म्हणणं.

चर्चमधल्या प्रभुभोजनाचा पाव तीस वर्षं त्यांच्याच भट्टीतून जात होता. तिथली पद्धत अशी, की एकच भलामोठा पाव हातोहात फिरायचा. ज्याने त्याने तुकडा मोडून घ्यायचा, शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत हातात धरून थांबायचं आणि मग सगळ्यांनी एकदम खायचा. काकांना प्रार्थना कधी धड जमली नाही. डोळे मिटले की मैद्याची पोती दिसायची. पण तो घास तोंडात विरघळला की देव आत आला, असं त्यांना अगदी खरंखुरं वाटायचं. लोक हसतील म्हणून ते कुणापाशी बोलले मात्र नाहीत.

मग एका तापात वास गेला आणि चवही गेली. परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. काकांनी घरात ब्रसुद्धा काढला नाही आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या पावात मीठ घालायलाच विसरले. भाविक मंडळींनी तो निमूटपणे गिळला. घरी आल्यावर काकूंनी विषय काढला तेव्हा काकांना सगळं सांगावंच लागलं.

"पावाचं जाऊ दे गं," काका म्हणाले. "पण आता देव मला कळायचा कसा? मला दुसरी वाटच ठाऊक नाही."

काकूंनी उपदेश केला नाही. पुढच्या महिन्यात त्या भट्टीपाशी येऊन उभ्या राहिल्या, कणीक चाखली आणि मीठ वाढवायला लावलं. पाव झकास झाला. तरी काकांचं ठरलं होतं, आता हे काम सोडायचं. नंतर जरा बोलायचंय, असं त्यांनी चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकांना, दारातच सांगून ठेवलं.

पाव फिरला. सगळे थांबले, मग सगळ्यांनी एकदम घास घेतला. काकांच्या तोंडात नुसता कापूस. आणि तेवढ्यात त्यांना ऐकू आलं. कुरुम, कुरुम. पुढच्या बाकावर, मागे, खिडकीपाशी. कवळीवाले मास्तर तेवढे जपून चावत होते. पन्नास माणसं त्या शांततेत काकांचा पाव खात होती. तीस वर्षं स्वतःच्या घासात गुंग असल्यामुळे हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. देव कुठेही गेला नव्हता. इथेच सगळ्यांबरोबर बसून चांगला आवाज करत जेवत होता. काकांना इतका आनंद झाला की हसू आवरेना. काकूंनी कोपराने ढोसलं.

बाहेर पाळकांनी विचारलं, "काका, काय बोलायचं होतं?"

"काही नाही," काका म्हणाले. "पुढच्या वेळी पाव वरून जरा आणखी कडक भाजावा म्हणतो."