शेवाळावरची सही

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. दुसऱ्या दिवशी नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत गणपती बसायचा होता, आणि आवारात पावसाळ्याचं हिरवंगार शेवाळ. त्यावरून सेक्रेटरी सपशेल आडवे झाले, तेव्हा कुठे गव्हाण गावाहून फरशा धुणाऱ्या एका माणसाला बोलावलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

गाड्या धुवायचा पंप तो टेम्पोतून घेऊन आला. पाइपाच्या टोकाला उलटं घमेलं, आणि त्याच्या पोटात दोन तोंडांची फिरती नळी. सगळी जोडणी त्याचीच. पाणी सोडलं की नळी गरगरायची आणि घमेल्याखालची फरशी स्वच्छ निघायची.

मध्येच एक तोंड तुंबलं. पंप बंद करून तो चहाला बसला, तेवढ्यात मी हुशारी केली. सेफ्टी पिनेनं भोक कोरलं. पंप पुन्हा सुरू झाला आणि घमेलं शेवाळावरून वेडंवाकडं पळत पाण्याच्या टाकीवर आदळलं.

तो पोट धरून हसला. "सायेब, लोखंडानं भोक मोठं व्हतं, मग घमेलं येका अंगाला पळतं. मोठ्या तोंडाला जोर नाय."

त्यानं खिशातलं नवं तोंड बसवलं. मग कानामागची खराट्याची हीर काढून दुसरं तोंड साफ केलं आणि एक डोळा मिटून त्यातून आभाळ बघितलं.

संध्याकाळी आवार लख्ख झालं. फक्त टाकीजवळचं शेवाळ त्यानं तसंच ठेवलं, मधोमध माझ्या हुशारीनं पळालेल्या घमेल्याची नागमोडी रेघ.

"तेवढी सायबांची सही ऱ्हाऊ दे!"

दर्शनाला आलेला प्रत्येकजण त्या रेघेबद्दल विचारी, आणि सेक्रेटरी आनंदानं माझ्याकडे बोट दाखवीत. ऑफिसात मी जन्मभर सह्या केल्या. इतक्या लोकांनी वाचलेली ती एकच.