काळी अन्ननलिका आणि मी थांबवलेली सुई

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हा गुलाबी भाग जठराचा. आणि वरचा हा काळा दिसतोय ना, ती तुमच्या मिस्टरांची अन्ननलिका."

तव्याच्या बुडासारखा रंग होता. आजाराचं नाव अक्यूट एसोफेजियल नेक्रोसिस. म्हणजे घास पोटात नेणाऱ्या नळीचं आतलं अस्तर मरून जातं. "फार क्वचित दिसतो," डॉक्टर म्हणाले. त्या क्वचितचं मला काय कौतुक?

हे लासलगावच्या कांदा बाजारात मापारी, कांदा तोलून देणारे. मधुमेह जुना, रोज दोन वेळा इन्शुलिन. यंदा नवरात्रात चांदवडच्या देवीला घटी बसले. घटी बसणं म्हणजे नऊ दिवस देवळातच मुक्काम आणि उपवास. निघताना यांनी विचारलं, "सुई घेऊ का संगं?"

मी म्हणाले, "पोटात अन्नच नाय तर साखर कुठून वाढणार? राहू द्या." नको तिथे शहाणपण.

पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पित्त असेल म्हणून मी आल्याचा रस पाठवला. सहाव्या दिवशी उलटी काळी पडली, चहाच्या चोथ्यासारखी, आणि हे उभे राहता राहता कोसळले. तेव्हा कुठे गाडी करून नाशिकला, गंगापूर रोडच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी समजावलं. इन्शुलिन पार बंद केलं की उपाशीपोटीही साखर चढते आणि रक्तात आम्ल साठतं. त्याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. त्यात रक्तदाब पडला, नळीचा रक्तपुरवठा तुटला. "उपवासात डोस बदलून दिला असता. बंद कोणी केला?"

मी तोंड उघडायच्या आत पलंगावरून घोगरा आवाज आला, "मीच, सायेब."

फाइलमध्ये तसंच लिहिलं गेलं. खरं काय ते आज इथे लिहिते आहे.

पुढचे दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर गेले. तोंडातून थेंबही द्यायचा नव्हता. जीव वाचला. पण जखम भरताना नळी आवळली. याला स्ट्रिक्चर म्हणतात. फुगा घालून ती रुंद केली, परत आवळली. परत केली, परत तेच. आता पोटाला भोक पाडून आतड्यात दुसरी नळी बसवली आहे, पातळ अन्न तिच्यातूनच जातं.

"पुन्हा गिळता येईल ना?" मी विचारलं.

"प्रयत्न करू. शब्द देत नाही."

लोक म्हणतात, देवीनं परीक्षा पाहिली. देवीनं सुई बंद करायला सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी कोणी सुई घेत असेल आणि उपवास धरणार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्यासारखीला विचारू नका.

घरी आल्यापासून मी फोडणी देणं सोडलं. शिळी भाकरी पाण्यात बुडवून मोरीपाशी उभ्यानं खायची. काल यांनी पाहिलं.

"पिठलं कर," म्हणाले. "लसणाची फोडणी दे. आन् ताट हितं आण, माझ्यासमोर बस."

बसले. घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना.

"गिळ," हे म्हणाले.

मी गिळला. यांचा गळाही माझ्याबरोबर हलला.

"तिखट झालंय का?" यांनी विचारलं.

"थोडं."

"मंग पाणी पी," म्हणाले, आणि तांब्या माझ्याकडे सरकवला.