कुजी टॉवरची पाटी

बँकेने माझी कोलकात्याला बदली केली, तेव्हा आम्हाला बायपासजवळच्या एका मोठ्या सोसायटीत घर मिळालं. समुद्र इथून कित्येक तासांवर, पण बिल्डरने पाचही इमारतींना परदेशी समुद्रकिनाऱ्यांची नावं दिली होती. आमची इमारत ‘कुजी’. हा किनारा सिडनीतला. दारावर पितळी अक्षरं आणि शेजारी प्लास्टिकचं नारळाचं झाड.

सामान उतरवताना मी नाव मोठ्याने वाचलं, तशा सासूबाई थबकल्या. “काय कुजलंय म्हणालीस?”

“काही कुजलं नाही, आई. इमारतीचं नाव आहे ते.”

“हे कसलं गं नाव? कुणी विचारलं तर काय सांगायचं, कुजीत राहतो?”

त्यांना इंग्रजी येत नाही, बंगालीचा तर प्रश्नच नव्हता. मी समजुतीचं हसले आणि लिफ्टचं बटण दाबलं.

दोन वर्षांनी मी सोसायटीची सेक्रेटरी झाले. समितीतल्या दोन्ही गटांना एकमेकांचा माणूस नको होता, आणि मराठी बाई कुणाचीच नाही हे दोघांनाही पटलं. त्याच वर्षी ठरलं की प्रत्येक इमारतीखाली नावाची माहिती देणारी संगमरवरी पाटी लावायची. मजकूर अर्थातच मी लिहायचा.

मी सिडनीतल्या मावसबहिणीला फोन केला.

“अगं, तिथल्या आदिवासींच्या भाषेतलं नाव ते,” ती म्हणाली. “किनाऱ्यावर समुद्री शेवाळ वाहून येतं आणि कुजतं. घाण वासाची जागा, असा अर्थ सांगतात. खात्री कुणालाच नाही म्हणा. ज्यांना होती, त्यांना वेळेवर विचारलं कुणी?”

हे सासूबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. “मग मी वेगळं काय म्हणत होते?” एवढंच म्हणाल्या आणि पुढची जुडी ओढली.

बैठकीत मी अर्थ वाचून दाखवला. मग अध्यक्ष हळूच म्हणाले, “मॅडम, हे दगडावर कोरलं तर इथे फ्लॅट घेणार कोण?” एकाने सुचवलं, नावच बदलून टाका. दुसऱ्याने आठवण करून दिली की मग साठ घरांच्या आधार कार्डांवरचा पत्ता बदलावा लागेल. लगेच सगळ्यांचं नावावर प्रेम बसलं.

सातव्या मजल्यावरचे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक तेवढे खूश होते. “किती खरं नाव! नाकाने ठेवलेलं. जसं आहे तसं लिहा.”

शेवटी सर्वानुमते मजकूर ठरला: ‘एका प्राचीन आदिवासी भाषेतील, निसर्गाशी नातं सांगणारं नाव.’ त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मला त्याचा चक्क अभिमान वाटला.

अनावरणाला फीत कापली, संदेश ही इथली मिठाई वाटली. एक शेजारीण भारावून म्हणाली, “आदिवासी लोक निसर्गाला किती मानायचे, नाही?” मी मान डोलावली. प्राध्यापक आले नव्हते. संध्याकाळी मीच त्यांच्याकडे मिठाई घेऊन गेले.

त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “मी मूळचा इथल्या बागबाजारचा. आमच्याकडे तुमच्या नावाचा खंदक होता, मराठा डिच. अठराव्या शतकात बंगाल लुटत फिरणारे तुमचे घोडेस्वार येतील या भीतीने लोकांनी खणला. शहरापर्यंत तुम्ही आलाच नाहीत. मग तो बुजवला, वरून रस्ता गेला. त्याची पाटी लिहायला दिली असती तर काय लिहिलं असतं तुम्ही?”

“महाराष्ट्र आणि बंगालचे जुने संबंध,” मी म्हणाले.

मला हसू आलं. ते हसले नाहीत. “लिहिलं असतंत खरंच,” ते म्हणाले.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला की पाटीवर खऱ्या अर्थाची एक ओळ वाढवावी. सूचक मी, अनुमोदक प्राध्यापक. अध्यक्षांनी तो ‘विचाराधीन’ म्हणून नोंदवला. नंतरच्या तिन्ही बैठका दुर्गापूजेचा मंडप पार्किंगमध्ये घालायचा की हिरवळीवर, यात संपल्या. एप्रिलमध्ये माझी नागपूरला बदली झाली. निरोपाच्या भाषणात अध्यक्षांनी माझ्या भाषाप्रभुत्वाचं फार कौतुक केलं.