पूनमला मी सांगितलेला उपाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे.

अकरावीत माझं वजन एकशे अठरा किलो होतं. शुगर निघाली होती, झोपेत श्वास अडकायचा. नागपूरला ऑपरेशन करून माझं जठर लहान केलं. तिथले डॉक्टर आईला म्हणाले होते, "हा आजार आहे, पोरीचा आळस नाही." आम्ही दोघी रडलो. असं आधी कुणी म्हटलंच नव्हतं.

आमच्या गावी, आसेगावात मात्र आम्ही सांगितलं — पित्ताशयातले खडे काढले. पुढे स्थळं येतील, लोक काय म्हणतील... पण मला सांगायचंय ते हे नाही.

वर्षभरात चाळीस किलो उतरले. प्रजासत्ताक दिनाला शाळेनं बोलावलं — घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, वरून जिद्दीनं बारीक झालेली! मी माइकवर सांगितलं, पहाटे चालायचे, अर्धीच भाकर खायचे. टाळ्या पडल्या.

शेजारची पूनम समोरच बसली होती. नववीतली, मी होते तशीच. संध्याकाळी घरी आली.

"ताई, नुसतं चालूनच झालं वं? अजून काही केलं असन तर सांग ना मले."

घरात दोघीच होतो. दवाखान्याची फाईल कपाटात होती. एका वाक्याचं काम — आणि मी काय म्हणाले? "अर्धी भाकर अन् जिद्द. बस."

ती चालू लागली. रोज पहाटे, आमच्याच दारावरून. पोरं मागून ओरडायची, "सरका रे, रोडरोलर आला!" वजन काही हललं नाही. मग भिंतीपलीकडून तिच्या आईचा आवाज यायचा — "तिनं करून दाखोलं, तुलेच काहून होत नाही? चोरून खाऊन राह्यली असशीन!"

ती चोरून खात नव्हती. हे गावात आणखी कुणाला कळणार होतं, माझ्याशिवाय? मी मोबाईलचा आवाज वाढवायची.

या दिवाळीत, त्या भाषणाला दोन वर्षं होत आली तेव्हा, ती रस्त्यात भेटली. चार पावलांतच धाप लागत होती. मानेवर काळपट पट्टा आलेला — शुगर निघायच्या आधी मलाही तसाच होता. मी तो ओळखला. नीट ओळखला.

"माह्यात तुझ्यासारखी जिद्दच नाही, ताई."

आतातरी बोलायचं होतं ना? मी विचारलं, "रात्रीचा भात सोडला का?"

तिनं मान खाली घातली. "खाल्ला जाते कधी कधी. माह्यंच चुकते."

मी मोठेपणानं मान हलवली — जणू तिला माफ केलं.