तहसीलदार मेमरीत मावेना

"माहा तहसीलदार कुठी हाय?" हरिभाऊ माझ्या ऑफिसात ओरडले. त्या आवाजानं बैहरच्या जंगलातले वाघ झाडावर चढले म्हणे. खोटं वाटत असेल तर वाघांना विचारा.

तहसीलदार हा बैल. हरिभाऊ किरनापूरकडचे शंकरपटवाले. पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यांची जोडी पळते: वकील आणि तहसीलदार. मी बालाघाटात बसून जुन्या कन्सोलांसाठी गेम बनवतो. या जोडीचा गेम त्यांनी माझ्याकडून करून घेतला होता.

"दोन्हीकडं वकीलच जुंपला तुनं. तहसीलदार माह्या व्याह्यानं देल्ला. ते आयतवारी तिरोडीहून पाहाले येऊन राह्यले. त्याईचा बैल दिसला नाही, तं पोरीले सासरी जन्मभर ऐका लागन."

भानगड अशी. गेम आधी ज्या यंत्रावर बनतो, तो लीड प्लॅटफॉर्म. थोरला जावईच म्हणा. स्वयंपाक त्याच्या आवडीचा, बाकीचे जावई उरलंसुरलं खातात. माझा लीड दणकट कन्सोल होता. हरिभाऊंच्या घरचा त्याहून म्हातारा, मेमरी चिमणीच्या पोटाएवढी. त्याच्यावर गेम नेताना, म्हणजे पोर्ट करताना, मी प्रेक्षक कापले, झाडं कापली, धूळसुद्धा कापली. तरी मावेना. मग एकाच बैलाचं चित्र आरशासारखं उलटवून पलीकडं लावलं. या धंद्यातली जुनी युक्ती. पण तहसीलदाराचं एक शिंग वाकडं, आणि ते अख्ख्या जिल्ह्याला पाठ.

"आता तुमचाच कन्सोल लीड धरतो, भाऊ," मी म्हणालो. "त्यात काय मावते ते आधी पाहू, मंग गेम बनवू. पण काहीतरी जाईन."

"बैल सोडून तुले जे कापाचं ते काप."

रविवारी हरिभाऊंच्या घरी टीव्ही लागला. वाकड्या शिंगाचा तहसीलदार असा उधळला की व्याही खुर्चीसकट पुढं सरकले. हरिभाऊंची छाती फुगून दारात अडकली. मग त्यांची नजर बैलांमागच्या गाडीवर गेली. गाडी रिकामी. तिथं हाकणारे ते स्वतः असायला हवे होते, फेट्यासकट.

"काहून रे, मी कुठी हाव?"

"मावले नाही, भाऊ."

तेवढ्यात गाडी पहिली आली. लीड बदलला म्हणून कापाकापी थांबत नाही, फक्त कापला जाणारा बदलतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

"व्याहीबुवा," हरिभाऊ ओशाळून म्हणाले, "गाडीवर मी नाही हाव."

व्याह्यांनी बशीतला चहा संपवला.

"तरीच जिंकली."